काटोल नाक्याजवळचा गोंडी वर्ग: बारा रविवार बसून आल्यावर

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या कडेला. जात पडताळणीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, शपथपत्रं, दिवसभर हेच. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा आला. "ताई, चाळीस पानं, पाठपोट, दोन सेट." जुन्या इंग्रजी पुस्तकाची पानं होती, शब्दांच्या रांगाच रांगा. मशीन चालू असताना मी सवयीने एक पान वाचलं. 'वॉटर' या शब्दासमोर जे रोमन अक्षरांत छापलं होतं ते ओठ हलवून म्हटलं, तर निघालं 'येर'. माझी आजी तांब्या पुढे करून हेच म्हणायची. मी मशीन थांबवलं आणि विचारलं, कायचे कागद आहेत बाप्पा हे?

ते कागद हिस्लॉपसाहेबांचे होते. आपलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप. 1863 मध्ये बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांनी जमवलेले गोंडी शब्द आणि प्रधानांकडून, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकांकडून, ऐकून लिहून घेतलेलं लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाचं गाणं नंतर 1866 मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी छापून आणलं. पोरगा म्हणाला, रविवारी आमचा गोंडी वर्ग असतो, त्यासाठी पाहिजे. मी त्याच्याकडून सेटचे अर्धेच पैसे घेतले आणि पत्ता लिहून घेतला. तो वर्ग आता संपला. दुकानात येणारे चार-पाच जण विचारतात की जाण्यासारखा आहे का, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. आम्ही रामटेकच्या पुढच्या देवलापारकडचे गोंड. आजीला गोंडी येत होती, वडिलांना समजत होती, मला येत नव्हती, माझ्या पोरीने तर ऐकलीसुद्धा नव्हती. वडील एका सरकारी खात्यात शिपाई होते. क्वार्टरमध्ये आपली भाषा बोललं की शेजारची पोरं वेडावायची, म्हणून त्यांनी बंदच केली. 2011 च्या जनगणनेला माणूस दारात आला, मातृभाषा विचारली, वडिलांनी "मराठी" सांगितलं, आणि मी आतून चहा घेऊन आले. त्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांच्या वर निघाले. एवढे लोक असून ही भाषा अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता असलेल्या भाषांच्या यादीत नाही, ते सोडा. त्या 29 लाखांत आमच्या घरचं एकही माणूस नाही.

फी 1,200 रुपये, एकाच घरचे दोघं असले तर 1,800. मी आणि पोरगी, म्हणून 1,800 भरले. बारा रविवार, सकाळी दहा ते एक. दहा म्हणजे सव्वाअकरा, हे पहिल्याच दिवशी कळलं. जागा एका समाजभवनाचा दुसरा मजला. खाली लग्नाचा हॉल, म्हणजे मार्गशीर्षात आमच्या धड्यांना बँडची साथ.

पहिल्या रविवारी काहीच शिकवलं नाही. मला राग आला, खरं सांगते. ताई म्हणून जी संयोजक आहे तिने प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद दिला. त्यावर तीन गोष्टी लिहायच्या: कुणाशी बोलायचं आहे, कुठे, आणि काय. मी मनात म्हटलं, 1,800 रुपये देऊन मीच सांगू का काय शिकवायचं? पण लिहिलं. "आत्याशी. फोनवर. तब्येत कशी आहे, पाणी आलं का, मी कधी येते." पोरीने लिहिलं, "समितीपुढे." तिच्या जात वैधतेच्या वेळी पडताळणी समितीने तिला बोलीभाषेबद्दल विचारलं होतं आणि ती गप्प बसली होती. नंतर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की आप्तभाव चाचणी (चालीरीती, बोली विचारून जमात ठरवायची ती) म्हणजे काही अखेरची कसोटी नव्हे. तिचं प्रमाणपत्रही मिळालं. पण ते गप्प बसणं तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं, आणि हे मला त्या कागदावरून कळलं. एका इंजिनिअर दादाने "लग्नात, सासरच्यांशी" लिहिलं. अकरावीतल्या एका पोराने सरळ "शिव्या" लिहिलं. ताईने तोही कागद भिंतीवर लावला.

सगळे मिळून तीसेक कागद. बारा रविवारांचा अभ्यासक्रम त्यांतूनच निघाला. या वर्गात छापील पुस्तक नाही, पाठ एक, पाठ दोन नाही. तीन माणसांची एक तिकडी करतात: एक जाणतं माणूस, दोन शिकणारे. तिकडीने एक कागद उचलायचा, त्यावर वीस मिनिटांचा धडा बसवायचा, आणि पुढच्या रविवारी तो दुसऱ्या तिकडीला शिकवायचा. जाणतं माणूस ऐकून सांगणार, हे असं कुणी बोलत नाही. मग पुन्हा बसवायचा. काही धडे तीनदा मोडले.

जाणत्या माणसांत चार आज्या आणि एक आजोबा. प्रत्येकाला रविवारचे 500 रुपये, आणि ते आमच्या फीमधूनच जातात हे फळ्यावर आकड्यांसकट लिहिलेलं असतं. ही गोष्ट मला आवडली. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला शाल-नारळ देऊन गाणी काढून घ्यायची पद्धत आहे. आमच्या तिकडीची आजी देवलापारहून एसटीने येते. पंचाहत्तरीच्या पुढची असल्याने तिला तिकीट लागत नाही. म्हणून ताईने प्रवासखर्च विचारला तेव्हा ती म्हणाली, "गाडी सरकारची हाय, तू काहून देतं?" तरी तिला रिक्षाचे पैसे दिले. दुसरा मजला मात्र ती कण्हत चढायची. लिफ्ट नाही, बाथरूम खाली. म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर चालणारा वर्ग दुसऱ्या मजल्यावर कोण ठेवतं? तीनदा बोलले, तीनदा "बघतो" ऐकलं.

आता चांगल्या धड्याबद्दल. चौथ्या रविवारी जावा, म्हणजे पिठाची पातळ पेज, केला. गॅसची शेगडी आणली, पीठ आणलं. नियम असा की शेगडी पेटल्यापासून उतरेपर्यंत मराठी-हिंदी बंद. ताई म्हणाली, मराठी चपलांसोबत बाहेर ठेवा. वीस मिनिटं आम्ही मुक्यासारखे हातवारे करत होतो. आजी बोट दाखवून शब्द टाकत होती आणि आम्ही पाठीमागून म्हणत होतो. येर. कय म्हणजे हात. पहिल्यांदा पातेलं उतू गेलं, कारण "गॅस कमी कर" कुणालाच म्हणता येईना. आजीलाही येईना, तिच्या घरी चूल आहे. मग तिने क्षणभर विचार केला आणि चुलीतलं लाकूड मागे ओढायला जे म्हणतात तेच म्हटलं. इंजिनिअर दादाने गॅसची कळ फिरवली. तेव्हापासून आमच्या वर्गात गॅस तसाच कमी होतो. कोशात सापडणार नाही हे.

मिठावरून मात्र जुंपली. आजी म्हणे सोवोर. गडचिरोलीची मुलगी म्हणे, आमच्याकडे होवोर. आजोबांनी तिसरंच ऐकलेलं होतं, ओवोर. आधी प्रत्येकाला वाटलं दुसरा चुकतो. मग संयोजकांतला भाषाशास्त्र शिकलेला पोरगा उठला (तोच, झेरॉक्सवाला) आणि त्याने फळ्यावर नकाशा काढला. गोंडीत एका पट्ट्यात शब्दाच्या सुरुवातीचा स, पुढे गेलं की ह होतो, आणि आणखी पुढे गेलं की गळूनच जातो. म्हणजे तिघंही बरोबर, फक्त गावं वेगळी. घराचंही तसंच, आमच्याकडे रोन, त्यांच्याकडे लोन. यावर वर्गात जे विनोद व्हायचे ते झालेच: लोनसाठी लोन काढलं, हप्ते चालू आहेत. नाव म्हणजे पारोल, कुठे पोरोल, तर दक्षिणेकडे पेदेर.

इथेच माझी सगळ्यात मोठी तक्रार. आज्या चारही आमच्याच बाजूच्या, रामटेक-शिवनी पट्ट्यातल्या. त्यामुळे धडे आपोआप आमच्या बोलीत बसत गेले. गडचिरोलीच्या दोघी चौथ्या-पाचव्या रविवारनंतर आल्याच नाहीत. ज्या मुलीने होवोर म्हटलं होतं, ती मला बसस्टॉपवर म्हणाली, "काकू, घरी जाऊन हे बोलले तर माझी आईच हसेल मला." नंतर वहीत दोन रकाने केले, रोन इकडे, लोन तिकडे. पण त्या दोघी गेल्यावर केले. हा पेच काही आमच्या वर्गाने शोधलेला नाही. वेगवेगळ्या राज्यांतले गोंड अनेकदा एकत्र बसले, शब्दाशब्दावर भांडले, तेव्हा कुठे 2018 मध्ये हंपीच्या कन्नड विद्यापीठातून सुमारे 3,000 शब्दांचा सामायिक कोश निघाला. म्हणजे हे होणार हे माहीत होतं. एक तरी आजी गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडची आणायला हवी होती. त्याच धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिथे माणसांची वाण नाही.

आकड्यांचा धडा आमच्या तिकडीने बसवला, म्हणून त्याचं कौतुक थोडं जास्त करते. एक, दोन, तीनपासून सुरू केलं तर पोरं पेंगतात. आजी म्हणाली, चारपासून सुरू करा. आमच्यात प्रत्येक घराला आपले देव माहीत असतात: चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे. लग्न जुळवताना पहिला प्रश्न तोच, कारण एकाच आकड्याची घरं भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. गोंडी न येणाऱ्या माणसालाही आपला आकडा पाठ असतो. मग आम्ही हॉलचे चार कोपरे केले: नालुंग, सैयुंग, सारुंग, येडुंग. ज्याने त्याने आपल्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, आणि लग्न कुणाचं कुणाशी चालेल ते ओरडून ठरवायचं. अकरावीतला पोरगा धावत आपल्याच कोपऱ्यातल्या एका मुलीजवळ गेला तेव्हा आजीने त्याच्या पाठीत धपाटा घातला, "तुही भैन लागते थे!" उंडी, रंड, मूंद हे नंतर दहा मिनिटांत झालं. पोरीला आता हे सात आकडे झोपेतही येतात.

माझ्या शेजारी तेलुगू कुटुंब आहे. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना पाठ करत होते: कन म्हणजे डोळा, काल म्हणजे पाय, नालुंग म्हणजे चार, तम्मूर म्हणजे धाकटा भाऊ. शेजारीण मध्येच म्हणाली, "तुम्ही आमची भाषा कधीपासून शिकायला लागल्या?" त्यांच्यात कन्नु, कालु, नालुगु, तम्मुडु. गोंडी द्राविडी घराण्यातली हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि शेजारणीने हातातला चिमटा सोडून आपल्याकडे बघणं वेगळं.

व्याकरण जवळजवळ शिकवतच नाहीत. हा गुण की दोष, माझं मत दर आठवड्याला बदलायचं. जे थोडं कळलं ते आजीच्या तोंडून. गोंडीत 'तो' म्हणायला ओर आणि 'ती' आणि 'ते' दोन्हींना अद. आजीचं स्पष्टीकरण: "बाई असो, भांडं असो, म्हैस असो, सारं अद. माणूस तेवढा ओर." यावर माझी पोरगी भडकली, अर्धा तास वाद, आणि आजीने शेवट केला, "तुह्या मराठीत तरी लेकरू अन् कुत्रं सारखंच नं." क्रियापदं मात्र अंगावर येतात. मी येते, तू येतोस, ते येतात, प्रत्येकाची शेपूट वेगळी, आणि नुसतं ऐकून ती बसत नाही. नवव्या रविवारी आम्ही सहा जणांनी मिळून तक्ता मागितला. तो आला अकराव्या रविवारी, तोही चुका असलेला. ज्याला शाळेसारखं क्रमाने शिकायचं आहे त्याची इथे चिडचिड होईल. माझी झाली.

लिपीवर दोन रविवार गेले, आणि ते गेलेच म्हणते. 1918 ची मुन्शी मंगलसिंह मसराम यांची लिपी आहे. आदिलाबादकडच्या गुंजाळा गावच्या जुन्या पोथ्यांतली लिपी आहे. दोन्ही 2017-18 मध्ये युनिकोडमध्ये आल्या, म्हणजे मोबाइलवर येण्याची सोय झाली. तिसरी आपली देवनागरी. नागपुरात या विषयावर प्रत्येकाचं मत आहे, आणि असणारच. रिझर्व्ह बँकेत नोकरी करत गोंडी भाषा आणि लिपीवर आयुष्यभर लिहिणारे मोतीरावण कंगाली याच शहरातले. 2015 मध्ये गेले. त्यांचं नाव घेऊन दोन्ही बाजूंनी भांडण झालं. आज्या कोपऱ्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांना तिन्हींपैकी एकही लिपी वाचता येत नाही. शेवटी हात वर करून देवनागरी ठरली, जी पहिल्या दिवसापासून आम्ही वापरतच होतो.

सातव्या रविवारी ताईने अमेरिकेतली गोष्ट सांगितली. मायामिया म्हणून तिथले मूळचे लोक. त्यांची भाषा अस्खलित बोलणारी शेवटची माणसं गेल्या शतकाच्या मध्यानंतर संपली. नंतर त्यांच्यातल्याच डॅरिल बाल्डविन यांनी जुन्या कागदांवरून ती आधी स्वतः शिकून घरात पोरांशी बोलायला सुरुवात केली. ते लोक भाषा मेली म्हणत नाहीत, झोपली होती म्हणतात. सगळे गंभीर झाले. मला मात्र हिस्लॉपसाहेबांची चाळीस पानं आठवली. त्या लोकांकडे नुसती तशी पानंच होती, विचारायला कुणी नाही. आमच्या समोर आजी बसली होती, पायाला बाम चोळत. आणि आपण मात्र आत्तापर्यंत तिला जेवलीस का, हेही मराठीत विचारत आलो.

ती पानं वर्गात आली तेव्हा काय झालं ते राहिलंच. झेरॉक्सवाला पोरगा एकेक शब्द मोठ्याने वाचायचा आणि आज्यांनी हो किंवा नाही म्हणायचं. काही शब्दांवर "हाव, हाव!", काहींवर हसू, साहेबाच्या कानाने भलतंच ऐकलेलं. एका शब्दावर सगळ्यात म्हातारी आजी गप्प झाली, मग म्हणाली, हा माझी सासू बोलायची, मी विसरली होती. तो शब्द इथे लिहीत नाही. तिने सांगितलं, वर्गातच ठेवा. गाण्यांचंही तसंच. एक गाणं तिने म्हटलं, पण रेकॉर्डिंग बंद करायला लावून, कारण ते कुणी केव्हा म्हणायचं हे ठरलेलं आहे. ताईने फोन पालथा ठेवला. यात संयोजकांना पैकीच्या पैकी. रेकॉर्डिंग ज्याचं त्याच्या नावावर ठेवतात, आणि पुढे कुठे वापरायचं तर पुन्हा विचारतात.

फसलेला धडा कुणाचा विचाराल तर इंजिनिअर दादाचा. "बाजार". स्लाइडवर बासष्ट शब्द, प्रत्येकाला चित्र. आजी आठव्या चित्राला झोपली. बिचाऱ्याने पुढच्या रविवारी खरी टोपली आणली, त्यात वांगी आणि संत्री, आणि आजीशी घासाघीस केली. हरला. तो धडा आता सगळ्यात चांगल्या तीनांत.

किरकोळ तक्रारी: व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातचे फोटो फार, त्यात धड्याचं रेकॉर्डिंग शोधताना दम लागतो. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज जास्त आणि आजीचा कमी. लहान पोरांना सांभाळायला कुणी नाही, ती जिन्यात खेळतात. बारा रविवारांनंतर हातात छापील असं काही मिळत नाही, एक फाइल मिळते आणि ती अर्धवट असते. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायचा ताईला फार शौक. पण माझ्या दुकानातूनच घेते, म्हणून बोलत नाही.

पाचातून तारे द्यायचे तर साडेतीन. जिना आणि गडचिरोलीच्या दोघी, यासाठी दीड कापला. पुढच्या बॅचला जाणार असाल तर क्रमाने व्याकरण मिळेल ही आशा घरी ठेवून जा, आणि घरात कुणी जाणतं माणूस असेल तर आधी त्याला विचारा, तुला कोण काय बोललेलं आवडेल. तो कागद सोबत न्या.

वर्ग संपल्यावरच्या सोमवारी मी आत्याला फोन लावला. आत्या देवलापारला, वडिलांची मोठी बहीण. आमचं बोलणं आजवर मराठीतच. मी आधी कागदावर लिहून ठेवलं होतं, तरी आवाज कापला. जोहार म्हटलं, मग पाण्याचं विचारलं, जेवणाचं विचारलं, पाच वाक्यं कशीबशी संपवली. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग आत्या बोलायला लागली, थांबेचना, भरभर, मला त्यातला एकेक शब्द हाताला लागून निसटत होता. येर कळलं. रोन कळलं. तम्मूर चार-पाच वेळा आलं. तम्मूर म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील.

शेवटी ती मराठीवर आली. नाक ओढून म्हणाली, "हे कुठी शिकली तू?" मी वर्गाचं सांगितलं, आज्यांचं सांगितलं, पाचशे रुपयांचं सांगितलं.

"पाचशे? बोलाचे?"

"हाव आत्या."

"मंग मले काहून नाई नेलं?"

पुढची बॅच संक्रांतीनंतर आहे. ताईला सांगून ठेवलंय, पण आधी वर्ग खालच्या मजल्यावर आणा म्हटलं. आत्याचे गुडघे गेलेत.